तुमचा पोप कोण?

धर्मांविषयी गप्पा सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास येतो. "ख्रिश्चनांचा पोप असतो, तिबेटी लोकांचे दलाई लामा असतात. मग मुसलमानांचा कोण? आणि आपला हिंदूंचा कोण?" विचारणाऱ्याने मनाशी एक चित्र धरलेलं असतं. प्रत्येक धर्माची कुठेतरी मुख्य कचेरी असणार, तिथे एक मोठा साहेब बसत असणार, आपल्याला फक्त त्याचं नाव ठाऊक नाही एवढंच.

हे चित्र तपासून पाहायला विसाव्या शतकाचा मध्य फार सोयीचा आहे. एकट्या १९५७ ते १९५९ या तीन वर्षांत धर्मातल्या चार मोठ्या जागांवर नवी माणसं आली आणि पाचव्या जागेवरच्या चोवीस वर्षांच्याही आतल्या तरुणाला सैनिकाच्या वेशात, रात्रीच्या अंधारात राजधानी सोडावी लागली. पाचही ठिकाणचे नियम वेगळे. ते एकेक करून पाहू. पण त्याआधी एक फरक लक्षात घ्यायला हवा.

१. सातबारा आणि कसणारा

गावात एखाद्या जमिनीच्या सातबाऱ्यावर एकाचं नाव असतं आणि नांगर दुसराच धरतो. दोघंही "माझी जमीन" म्हणतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य असतं. धर्माच्या प्रमुखाचंही असंच. एक असतं पद: गादी, किताब, शिक्का, वारसाहक्क. दुसरा असतो मान: लोक त्या माणसाचं किती ऐकतात. काही धर्मांत दोन्ही एकाच माणसाकडे असतात, काहींत पद असून मान नसतो, तर कधी पदाचा पत्ताच नसताना लाखो माणसं एकाच्या शब्दावर उठून उभी राहतात.

गादीवर माणूस बसवायची पद्धत पाहिली की आणखी एक गोष्ट कळते. अधिकार येतो कुठून, याविषयी त्या त्या धर्माची समजूत काय आहे ते त्या पद्धतीत उघडं पडतं. मत, चिठ्ठी, मृत्युपत्र आणि लहान मुलाची परीक्षा या काही नुसत्या कार्यालयीन रीती नव्हेत.

२. पस्तीस मतं आणि चिमणीतला धूर

कॅथलिकांची पद्धत आपल्याला सगळ्यांत ओळखीची वाटते, कारण ती निवडणूक आहे. पोप बारावे पायस ९ ऑक्टोबर १९५८ रोजी वारले. त्यांनी एकोणीस वर्षं कारभार केला होता, त्यात सबंध दुसरं महायुद्ध आलं. नवा पोप निवडण्याचा हक्क कार्डिनलांचा. कार्डिनल म्हणजे पोपनेच नेमलेले वरिष्ठ धर्माधिकारी. थोडक्यात, मतदार जुन्या पोपनी नेमलेले आणि उमेदवारही बहुधा त्यांच्यातलाच. या सभेला कॉन्क्लेव्ह म्हणतात. मूळ लॅटिन शब्दात 'किल्ली' आहे आणि तो शब्दशः खरा आहे, कारण निवड होईपर्यंत सगळ्यांना आत कोंडून घेतात.

त्या वर्षी ५१ कार्डिनल आत गेले. हंगेरीचे मिंडसेंटी बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीत आसरा घेऊन अडकले होते आणि युगोस्लाव्हियाचे स्टेपिनाट्स नजरकैदेत होते, म्हणून ते दोघं येऊ शकले नाहीत. आत गेलेल्यांत मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस होते. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म कराचीचा, आणि १९५३ मध्ये कार्डिनल झालेले पहिले भारतीय.

आता हिशेब. नियम होता दोनतृतीयांश अधिक एक. ५१ चे दोनतृतीयांश ३४, त्यात एक मिळवला की ३५. हा वरचा एक कशाला? समजा एखाद्याला बरोबर ३४ मतं पडली आणि त्यात त्याचं स्वतःचं एक असलं, तर इतरांची ३३च उरतात आणि स्वतःच्या मतावर पोप झाल्याचा बोल लागतो. तो लागू नये म्हणून पायस यांनी १९४५ मध्ये ही एका मताची पाचर मारून ठेवली होती.

मतदानानंतर मतपत्रिका जाळतात. निवड झाली नसेल तर तेव्हा त्यात ओलं गवत घालून काळा धूर काढत, झाली असेल तर पांढरा. १९५८ मध्ये पहिल्याच दिवशी धूर असा काही निघाला की चौकातल्या गर्दीला तो पांढरा वाटला आणि जल्लोष सुरू झाला. थोड्या वेळाने तोच धूर काळवंडला. चुलीत ओलं सरपण घातलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

अकराव्या फेरीत, २८ ऑक्टोबरला, अँजेलो रोंकाल्ली निवडून आले. बेर्गामोजवळच्या खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, वय ७६. वडिलांचं नाव म्हणून त्यांनी जॉन हे नाव घेतलं आणि ते तेविसावे जॉन झाले. शिवून ठेवलेला झगा त्यांच्या स्थूल देहाला पुरेना. त्यांना निवडण्यामागचा अनेकांचा हिशेब सरळ होता: म्हातारा माणूस आहे, चार-दोन वर्षं गादी सांभाळेल, तोवर पुढचं पाहू. हिशेबातली वर्षं बरोबर ठरली. ते जून १९६३ मध्ये वारले. बाकी सगळा हिशेब चुकला. गादीवर बसून तीन महिने व्हायच्या आत त्यांनी जगभरच्या बिशपांची महासभा बोलावल्याचं जाहीर केलं. शेकडो वर्षं लॅटिनमध्ये चाललेली उपासना लोकांच्या भाषेत आली ती याच सभेमुळे. वसईच्या देवळांत आज मराठीत मिस्सा ऐकू येते, तिचा उगम त्या 'तात्पुरत्या' पोपपाशी आहे.

३. कौल

'पोप' ही पदवी रोमपुरतीच आहे असं नाही. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांचाही पोप असतो. तिथे आधी मतदान होऊन तीन नावं काढतात. पण शेवटचा निर्णय माणसांकडे ठेवत नाहीत. तीन चिठ्ठ्या वेदीवर ठेवतात, प्रार्थना होते आणि एक लहान मुलगा डोळे बांधून त्यांतली एक उचलतो.

कोकणात-गोव्यात देवाला कौल लावतात, तो ज्याने पाहिला असेल त्याला यातला विचार वेगळा समजावून सांगायला नको. माणसांनी आपल्या अकलेप्रमाणे निवड करून आणायची आणि शेवटचा शब्द वरच्याला द्यायचा. एप्रिल १९५९ मध्ये चिठ्ठी निघाली ती फादर मिना यांच्या नावाची. कैरोजवळच्या एका पडक्या पवनचक्कीत एकेकाळी एकटे राहिलेले हे संन्यासी सहावे किरिलोस झाले. हरलेल्या दोघांना आपली मतं कमी पडली असं म्हणायची सोय या पद्धतीत उरत नाही. मला ती त्या दृष्टीने फार शहाणपणाची वाटते.

४. आजोबांचं मृत्युपत्र

११ जुलै १९५७ रोजी जिनिव्हाजवळ तिसरे आगाखान वारले. शिया पंथातल्या निजारी इस्माइलींचे ते ४८वे इमाम, मुंबई-गुजरातचे खोजे त्यांचे अनुयायी. वयाच्या आठव्या वर्षात गादीवर आले आणि ७२ वर्षं राहिले. त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली, आणि १९३७ मध्ये ते राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्षही होते. पुण्यातला जो आगाखान पॅलेस आपण कस्तुरबांच्या समाधीसाठी ओळखतो, तो १८९२ मध्ये त्यांनीच बांधून घेतला. मार्च १९४६ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर अनुयायांनी त्यांची हिऱ्यांनी तुला केली आणि ती रक्कम समाजाच्या कामासाठी दिली गेली.

इथे एक शब्द समजून घेऊ: नस्स. म्हणजे आधीच्या इमामाने पुढच्याचं नाव स्पष्टपणे सांगणं. मतदान नाही, कौल नाही, थोरल्या मुलाचा आपोआप हक्कही नाही. वंश तोच हवा, पण वंशातला कोण ते इमाम सांगणार. लोकांचा अंदाज होता की थोरले चिरंजीव अली खान गादीवर येतील. घोडे, मोटारी आणि हॉलिवूडच्या रिटा हेवर्थशी झालेलं लग्न यांमुळे वर्तमानपत्रांना त्यांचं नाव पाठच होतं. मृत्युपत्र वाचलं तेव्हा नाव निघालं नातवाचं. करीम, वय वीस, हार्वर्डमध्ये विद्यार्थी. अणुविज्ञानाच्या शोधांनी जग बदललं आहे, तेव्हा या नव्या काळात वाढलेला तरुण इमाम असणं समाजाच्या हिताचं, असं कारण आजोबांनी लिहून ठेवलं होतं. तेराशे वर्षांच्या वारशाचा निर्णय अणुयुगाकडे बोट दाखवून झाला!

चौथ्या आगाखानांनी पुढे उरलेलं शिक्षणही पुरं केलं. मुलाला वगळलं म्हणून पंथ फुटला नाही. नस्स मान्य असेल तर निर्णय कडू लागला तरी तो गिळावा लागतो. हा अधिकार मुळात मान्य आहे का, हा वाद मुंबईत फार आधीच होऊन गेला होता. काही खोजांनी पहिल्या आगाखानांना आव्हान दिलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १८६६ मध्ये न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकाल आगाखानांच्या बाजूने दिला. इमामाच्या सातबाऱ्यावर इंग्रज न्यायाधीशाचा शेरा पडला, असंच म्हणायचं.

५. सतरा वर्षांचं अंतर

तिबेटी बौद्धांच्या दृष्टीने दलाई लामा निवडायचा नसतोच, शोधायचा असतो. जुनाच माणूस पुन्हा जन्माला येतो, अशी ती श्रद्धा. तेरावे दलाई लामा डिसेंबर १९३३ मध्ये वारले. कारभार पाहणाऱ्या रेटिंग रिंपोचे यांना एका पवित्र सरोवराच्या पाण्यात काही अक्षरं, एक मठ आणि एक घर दिसल्याचं सांगतात. त्या खुणा धरून शोधपथक ईशान्येच्या आम्दो प्रांतात ताक्त्सेर नावाच्या खेड्यात पोहोचलं. पथकाचा म्होरक्या नोकराचा वेश करून शेतकऱ्याच्या घरात शिरला. घरातल्या लहान मुलाने त्याच्या गळ्यातली जपमाळ मागितली, आणि ती तेराव्या लामांची होती. मग परीक्षा झाली: जुन्या लामांच्या वस्तू आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या. मुलाने बरोबर त्याच उचलल्या.

या पद्धतीत घराणेशाही बसत नाही. गरीब शेतकऱ्याचं पोर थेट पोताला राजवाड्यात जातं. पण तिची एक किंमत असते आणि ती साध्या वजाबाकीने कळते. जुने लामा गेले १९३३ मध्ये. नव्यांचा जन्म जुलै १९३५ चा. त्यांना गादीवर बसवलं १९४० मध्ये, वय चार. राज्यकारभार हाती दिला नोव्हेंबर १९५० मध्ये, वय पंधरा. तोही ठरल्यापेक्षा तीनेक वर्षं आधी, कारण चिनी फौजा तिबेटात शिरल्या होत्या. म्हणजे जवळजवळ सतरा वर्षं देशाला जाणता प्रमुख नव्हता. मधल्या काळात कारभाऱ्यांचे तट पडले आणि रेटिंग रिंपोचे १९४७ मध्ये कैदेतच मेले. एरवीही हा काळ अवघडच असतो, आणि या खेपेला तर शेजारी चीनमध्ये क्रांती झाली होती.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. एका आठवड्याने दलाई लामा निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. गादीची जागा मागे राहिली. तेव्हापासून मान हद्दीबाहेर आणि सातबारा हद्दीच्या आत, असा प्रकार आहे.

६. रिकामी खुर्ची

आता मुसलमानांचा प्रश्न. इस्माइली हा लहान पंथ. बहुसंख्य सुन्नींचं काय? त्यांना खलिफा होता, निदान नावापुरता. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या संसदेने ते पदच काढून टाकलं. ज्या खिलाफतीसाठी गांधीजी आणि अली बंधूंनी भारत ढवळून काढला होता, ती तुर्कांनीच बंद केली. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद देशाबाहेर गेले. त्यांची मुलगी हैदराबादच्या निजामाची सून झाली. ते स्वतः १९४४ मध्ये पॅरिसला वारले. मृतदेह दहा वर्षं तिथल्या मशिदीत राहिला, मग मदिनेत दफन झाला. त्यानंतर त्या खुर्चीवर सर्वांना मान्य असं कोणी बसलेलं नाही.

खुर्ची गेली म्हणून धर्माचं काही अडलं का? फारसं नाही, कारण रोजच्या प्रश्नांना खलिफा उत्तर देतच नव्हता. ती उत्तरं विद्वान देत, आजही देतात. कैरोचं अल-अजहर हे अशा विद्वानांचं जुनं पीठ. १९५८ मध्ये तिथले प्रमुख झालेल्या महमूद शलतूत यांनी पुढच्याच वर्षी शियांचा जाफरी संप्रदायही आचरायला ग्राह्य आहे, असा फतवा दिला. फतवा म्हणजे जाणकाराचं मत. वकिलाच्या सल्ल्यासारखं ते वजनदार असतं, पण न्यायालयाच्या हुकमासारखं बंधनकारक नसतं. आपल्याकडे हा शब्द नेमका उलट्या अर्थाने रूढ झाला आहे. १९६१ मध्ये इजिप्तच्या नासर यांच्या सरकारने कायदा करून हे पीठ आपल्या पंखाखाली घेतलं.

इराण-इराकच्या शियांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे प्रत्येक श्रद्धाळूने एका हयात मुज्तहिदाला, म्हणजे धर्मशास्त्रात स्वतः निर्णय काढण्याइतक्या अधिकारी विद्वानाला, अनुसरायचं आणि धर्मदायही त्याच्याकडेच द्यायचा. कोणाला अनुसरायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. तालुक्याच्या गावी पाच डॉक्टर असतात, तरी रांग एकाच दवाखान्यापुढे लागते. त्या डॉक्टरला कोणी निवडून दिलेलं नसतं. इराणमधल्या कोम शहरात आयातुल्ला बोरुजेर्दी यांच्यापुढे अशी रांग होती. १९६१ मध्ये ते वारले तेव्हा सांत्वनाची तार कोणाला पाठवायची हा इराणच्या शहापुढे खरोखरचा राजकीय प्रश्न होता, कारण तार मिळालेला माणूस वारस समजला जाणार. शहाने ती देशाबाहेर, इराकमधल्या नजफला मुहसिन अल-हकीम या विद्वानांना पाठवली. इराणातले मौलवी त्याचा अर्थ बरोबर समजले.

सत्तेला धर्मगुरू जवळही हवा असतो आणि लांबही. मॉस्कोच्या पेट्रिआर्कचं, म्हणजे रशियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या प्रमुखाचं, पद १८ वर्षं रिकामं ठेवणाऱ्या स्टालिनने युद्ध अंगावर आल्यावर, सप्टेंबर १९४३ मध्ये, तीन बिशपांना रात्री क्रेमलिनमध्ये बोलावलं. चारच दिवसांत १९ बिशपांची सभा भरली आणि पेट्रिआर्क निवडून आला. इंग्लंडात हेच काम शांतपणे चाले. कँटरबरीच्या आर्चबिशपचं नाव तेव्हा राणीला पंतप्रधान सुचवत असे. १९६१ मध्ये निवृत्त होणारे आर्चबिशप फिशर यांनी मायकेल रॅम्सी नको, असा सल्ला पंतप्रधान मॅकमिलन यांना दिला. फिशर एकेकाळी रॅम्सींचे हेडमास्तर होते, त्यामुळे विद्यार्थ्याबद्दलचं मत पक्कं. मॅकमिलननी रॅम्सींनाच नेमलं.

७. आणि आपला?

हिंदूंमध्ये शंकराचार्यांचं नाव पुढे येतं. पण पीठं अनेक, आणि प्रत्येकाचा शिष्यवर्ग वेगळा. उत्तरेतलं ज्योतिर्मठाचं पीठ सुमारे १६५ वर्षं रिकामं होतं. ते १९४१ मध्ये ब्रह्मानंद सरस्वतींनी भरलं. दीड शतक गादी रिकामी राहिली तरी कोणाची सत्यनारायणाची पूजा अडली नाही. एका अर्थी प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. १९५३ मध्ये ब्रह्मानंद सरस्वती वारले आणि मृत्युपत्रावरून असा वाद पेटला की तो कित्येक दशकं कोर्टात राहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तर १९२० मध्येच नवी गादी काढली होती. वेदमंत्रांच्या हक्कावरून पेटलेल्या वेदोक्ताच्या वादात मानहानी झाल्यावर त्यांनी सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू केलं. गादी माणसांनी निर्माण केलेली असते, तशी दुसरी माणसंही करू शकतात, हे त्यांनी करूनच दाखवलं.

पंढरीच्या वारीला फडकरी आहेत, मानकरी आहेत, पण सगळ्यांवर एक प्रमुख नाही. आणि त्याच महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय झालं ते पाहा. कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. रीतीप्रमाणे दीक्षा भिक्षूकडून घ्यायची, तशी ती घेतली. मग ते वळले आणि समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. ते भिक्षू नव्हते, मठाधिपती नव्हते, कुठल्याही बौद्ध गादीचे वारस नव्हते. पदाचा कागद पाहिला तर काहीच नाही. सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, ते गेले. पुढे दोन आठवड्यांत गाडगेबाबाही गेले. त्यांच्याजवळ खराटा आणि गाडगं होतं, आणि त्यांच्या एका हाकेवर गाव झाडलं जात असे.

८. शब्द चालतो कुठवर?

गादी कुठलीही असो, सामान्य माणसाला तिचा चटका बसतो तो दोन ठिकाणी: लग्न आणि दफनभूमी. दाऊदी बोहरांचे ५१वे दाई, म्हणजे धर्मप्रमुख, सय्यदना ताहेर सैफुद्दीन मुंबईत राहत. जमातीतून, म्हणजे तिच्या दफनभूमीतूनही, बहिष्कृत करण्याचा त्यांचा अधिकार मुंबई सरकारच्या १९४९ च्या कायद्याने काढून घेतला. सय्यदनांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी १९६२ मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल लागला: पंथाचा कारभार पाहणं हा पंथाचा हक्क आहे, म्हणून कायदा रद्द. विरोधात एकटे सरन्यायाधीश सिन्हा होते.

त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला, जेरुसलेममध्ये, मराठी बोलणाऱ्या माणसांवर असाच प्रसंग आला. ज्यूंना पोप नाही. इस्रायलमध्ये दोन मुख्य रब्बी असतात आणि ज्यूंची लग्नं त्यांच्या व्यवस्थेतूनच होतात. कोकणातून तिथे गेलेले बेने इस्रायली, ज्यांना अलिबागकडे शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणत, पक्के ज्यू आहेत की नाहीत असा प्रश्न काही रब्बींनी काढला. मुख्य रब्बी निस्सिम यांच्या परिषदेने लग्नाला मान्यता दिली, पण १९६२ मध्ये स्थानिक रब्बींना सूचना गेल्या: बेने इस्रायली लग्नाला आला तर त्याच्या पूर्वजांची, जितक्या मागे जाता येईल तितकी, चौकशी करा. अडीच हजार मैलांवर सोडून आलेल्या चौल-रेवदंड्याच्या पणजीचा दाखला आणायचा कुठून?

१९६४ च्या उन्हाळ्यात या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक भरली आणि बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यू आहेत असं सरकारच्या बाजूने सांगण्यात आलं. महिना संपता संपता रब्बींच्या परिषदेने सूचनेतून 'बेने इस्रायल' हे नाव काढलं. चौकशीचा नियम तसाच ठेवला. आता तो, ज्याच्या ज्यूपणाविषयी शंका असेल अशा कोणालाही, लागू होता.